ब्रिनहेलीची दुसरी वही

१

रविवारी सकाळी ऋचानं दुसरी वही काढायला खोक्यात हात घातला आणि हातात आलं नुसतं फडकं.

"आई! वही नाहीये!"

सुनेत्राबाई उपम्यासाठी रवा भाजत होत्या. पुण्यात बावीस वर्षं सोसायटीच्या सेक्रेटरी राहिलेल्या बाई; 'नाहीये' हा शब्द त्यांनी पाण्यापासून पार्किंगपर्यंत इतक्यांदा ऐकला होता की आता त्याचं काही वाटत नसे. "नीट बघ, असेल तिथंच," त्या सवयीनं म्हणाल्या. मग लेकीचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं गॅस बंद केला.

खोक्यात तीन गाठोडी हवी होती. महिन्याभरासाठी लेकीकडे आल्या आल्या सुनेत्राबाईंनीच जुन्या सुती साडीचे तुकडे करून, वेखंडाची पुरचुंडी घालून एकेक वही बांधून ठेवली होती. पहिली होती, तिसरी होती. दुसरीच्या जागी फडक्याची चौपदरी घडी, आणि तिच्यावर वेखंडाची पुरचुंडी अलगद ठेवलेली.

आता या वह्या कसल्या, तर वेल्समधल्या ब्रिनहेली गावच्या फुटबॉल क्लबची इतिवृत्तं. गाव एवढंसं, पाटीच्या दगडाच्या खाणींवर जगलेलं. क्लबही तसाच, मोठ्या लीगचं तोंड कधी न पाहिलेला, तरी सव्वाशे वर्षं तग धरून राहिलेला. क्लबच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिथल्या शेवटच्या चिटणिसाची मुलगी एलेरी पॅरी हिनं या वह्या सामानात घालून सिंगापूरला आणल्या. ती इथल्या एका शाळेत संगीत शिकवायची. ऋचा विद्यापीठात इतिहासाची पोस्टडॉक, अशाच छोट्या क्लबांवर काम करणारी. एलेरीनं विश्वासानं वह्या तिच्या हवाली केल्या आणि सही घेतली. बुधवारी ती वह्या न्यायला येणार होती. गुरुवारी तिचं विमान, आणि शनिवारी ब्रिनहेलीत सव्वाशेव्या वर्षाचा सोहळा.

"सही माझी आहे, आई." ऋचा जमिनीवरच बसली. "माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते पुढच्या महिन्यात ठरतंय. दुसऱ्याचा दस्तऐवज गेला म्हटल्यावर नोकरी जाईल, तिच्यामागनं इथं राहायचा पास जाईल. आणि हरवली असं कोण म्हणेल? मीच लंपास केली म्हणतील. या धंद्यात एकदा चोर म्हणून नाव झालं की झालं."

सुनेत्राबाईंनी दाराचं कुलूप पाहिलं, खिडक्या पाहिल्या. क्लेमेंटीतला हा फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता. मग दोघींच्या आतल्या खोलीत गेल्या, खोकं हलवलं, पलंगाशी निघालेली मुंग्यांची रांग पाहून चरफडल्या आणि बाहेर आल्या.

"कुलूप शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "काल रात्री निजायच्या आधी मी खोकं सरकवलं ते हलकं लागलं होतं, पण म्हटलं आपलाच भास. म्हणजे दुपारीच गेली ती. चोर काल आपल्या हातचं जेवून गेलाय, ऋचा."

२

शनिवारी जेवायला त्या दोघींखेरीज तीनच माणसं होती.

एक वरुण. याच फ्लॅटमधली दुसरी खोली भाड्यानं घेऊन राहणारा, ऋचाच्याच विभागात पीएचडी संपवत आलेला. पोरगा हुशार, पण खोली म्हणजे उकिरडा.

दुसरे निशिकांत खांबेटे, पुंगोलला राहणारे, आयटीतले मोठे मॅनेजर. पहिल्या वहीच्या शेवटी, १९२९च्या पानांवर, ऋचाला संघाच्या यादीत एक नाव दिसलं होतं: बी. खांबेटे, डावी आघाडी. तिनं इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं काय आणि निशिकांत उडालेच. ते त्यांचे आजोबा! वेल्सला खाणकाम शिकायला गेलेले भास्कर खांबेटे. घरी ऐकलेल्या गोष्टीला छापील पुरावा मिळाल्यासारखं झालं. येत्या शनिवारी मंडळात त्यांचं भाषण ठरलं होतं, स्लाइड्ससकट.

आणि तिसरे म्हणजे निशिकांतचे वडील, मनोहरकाका. वय ब्याऐंशी. कमी बोलायचे. आल्यावर चपला भिंतीशी सरळ रेषेत लावल्या, स्वतःची पाण्याची बाटली आणली होती ती टेबलाच्या कडेला ठेवली, आणि जेवण झाल्यावर कागदी रुमालाचीसुद्धा कडेला कड जुळवून घडी घातली. जेवताना बोलणं सगळं निशिकांतचं.

"एकतीसच्या उन्हाळ्यात आजोबा डिग्री घेऊन परतले. मग सांगलीला जन्मभर शाळामास्तर! आणि इतका निःस्पृह माणूस की घरात एक कप, एक ढाल येऊ दिली नाही. बाबांना शाळेत धावण्याची ढाल मिळाली, तर त्याच संध्याकाळी परत पाठवली. काय बाबा?"

"हो," मनोहरकाका म्हणाले. "मला परत नेऊन द्यायला लावली." मग थोडं थांबून त्यांनी ऋचाला विचारलं, "एकतीस सालचा नोव्हेंबर कुठल्या वहीत येतो गं?"

"दुसरीच्या शेवटी, काका. पण ती अजून वाचली नाही मी. मधली पानं ओलीनं चिकटलीत, कडेची तेवढी सुटतात. मी आपली क्रमानं जाते. सोमवारी दुसरी उघडणार, ती झाली की तिसरी."

"बरं," म्हणाले, आणि जरा पडतो म्हणून आतल्या खोलीत गेले.

इकडे वह्यांवरून विषय निघालाच होता, तर सुनेत्राबाईंना राहवेना. "आमच्या सोसायटीत एकदा इतिवृत्तात आलं, टाकीची तोटी चौथ्या मजल्यावरच्या विश्वासरावांनी तोडली. पुढच्या सभेत निघालं की प्लंबरनंच तोडली होती! मी सांगते, सभेचं लिहिलेलं पुढच्या सभेत वाचलं जातं, चुकलं असेल तर दुरुस्त होतं, मग अध्यक्ष सही करून ते कायम करतात. तोवर ते इतिवृत्त कच्चं. कच्च्यावर विश्वास ठेवून विश्वासरावांशी लोक महिनाभर बोलत नव्हते."

निशिकांतनी जांभई दिली. वरुण ऋचाकडे राहिलेला मोबाईलचा चार्जर आणायला म्हणून आतल्या खोलीत जाऊन आला. मग निशिकांत आत जाऊन वडिलांना उठवायला लागले, म्हणून सुनेत्राबाई आवराआवर करायला स्वयंपाकघरात गेल्या. निशिकांतच्या बायकोनं, ऋतानं, स्टीलच्या डब्यातून चिरोटे पाठवले होते. डबा रिकामा परत करायचा असतो थोडाच? जेवणाआधीच त्यांनी तो धुऊन, त्यात खोबऱ्याच्या वड्या भरून, पिशवीत घालून पिशवी आतल्या खोलीच्या कडीला अडकवून ठेवली होती. जाताना निशिकांतनी ती उचलली, काकांनी काठी घेतली, आणि मंडळी लिफ्टनं खाली गेली.

रविवारी हे सगळं सुनेत्राबाईंनी दोनदा आठवून पाहिलं. खोलीत तिघंही गेले होते. एकेक करून, आणि दार लोटून.

३

वरुणला विचारायला गेल्या तर त्याची पाचावर धारण बसली.

"काकू, मी काही नाही केलं!"

"मी अजून काही विचारलंच नाही रे."

मग हळूहळू बाहेर आलं. ऋचाची जागा रिकामी झाली तर ती आपल्याला मिळावी म्हणून वरुणनं अर्ज केला होता. गुपचूप. मागच्या आठवड्यात मुलाखतही झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, सुनेत्राबाईंना वाटलं, पण हे चांदणं भलत्याच चोरीचं.

"ऋचाताईला सांगायला तोंड नव्हतं माझ्याकडे," तो मान खाली घालून म्हणाला. "पण वही नाही घेतली. घेतली असती तर पहिली घेतली असती, तिच्यावर ताईचा अख्खा लेख आहे. नाहीतर तिन्ही. चिकटलेली दुसरी नेऊन मी काय करू?"

"आत गेलास तेव्हा काय दिसलं?"

"आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खोकं बंद होतं. चार्जर घेतला, आलो."

त्याच्या खोलीतली खुर्ची कपड्यांखाली गाडली गेली होती आणि पांघरुणाचा बोळा जमिनीवर पडला होता. सुनेत्राबाईंनी त्या बोळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

ऋचानं मात्र रविवारी संध्याकाळीच एलेरीला कळवून टाकलं. लपवणं तिच्या रक्तात नाही. आईलाही क्षणभर वाटलं, थांबली असतीस तर! उत्तर सभ्य होतं, पण थंडगार. बुधवारपर्यंत वही मिळाली नाही तर विभागप्रमुखांना लिहिणं भाग आहे, सगळं गाव या वह्यांची वाट बघतंय, आणि आपल्याला फार वाईट वाटतंय. ऋचा त्या रात्री जेवली नाही. सोमवारी विभागात गेली तर दोघांनी तिच्याकडे बघून बोलणं थांबवलं, असं तिला वाटलं. कदाचित थांबवलंही नसेल.

सोमवारी संध्याकाळी निशिकांत सुनेत्राबाईंना क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, भेटले. कॉफी समोर ठेवून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, मी कशाला नेऊ? मला तर तिचेच फोटो दाखवायचे होते! आजोबांचे शेवटचे सामने त्याच वहीत. आता काय दाखवू, माझं कपाळ?" त्यांच्या टेबलावर तीन कागदी रुमाल चुरगाळून पडले होते, चौथा हातात होता.

"बाबा कसे आहेत?"

"बरे नाहीत. शनिवारपासून धड जेवत नाहीत. वही गेल्याचं सांगितलं तर उठून खोलीत गेले. त्यांनाही धक्काच बसला असणार."

सुनेत्राबाई काही बोलणार तेवढ्यात निशिकांतचा फोन वाजला. वाचून ते ओशाळले. "ऋता विचारतेय. आमचा डबा तुमच्याकडेच राहिला का?"

४

घरी येऊन सुनेत्राबाईंनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. सरळ आतल्या खोलीत गेल्या. मुंग्या अजून होत्याच. रांगेमागोमाग जात त्या गुडघ्यांवर बसल्या, ऋचाची सूटकेस बाजूला केली, आणि पलंगाखालून स्टीलचा डबा बाहेर ओढला. वड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"हा इथं कसा?" ऋचा म्हणाली. "विसरले असतील."

"पिशवी कडीला. डबा पिशवीत, मी माझ्या हातानं घातलेला. आणि हा पलंगाखाली सूटकेसमागे. डबा असा चालत जाऊन विसरतो होय? पिशवीत दुसरं काही मावावं म्हणून काढलाय तो. आणि तिन्हींत बारीक वही दुसरीच."

"म्हणजे निशिकांतकाका?"

"त्या गृहस्थाला रुमाल चुरगाळायचा तेवढा येतो. वरुणचं तर विचारूच नकोस. अगं, चोरी करताना फडक्याची चौपदरी घडी घालणारा, वर पुरचुंडी नीट ठेवणारा माणूस कोण? ज्याचे हात घडी घातल्याशिवाय राहतच नाहीत तो. तू नव्हतीस बघत, मी बघत होते."

"मनोहरकाका? पण का? त्यांच्या वडिलांचंच तर कौतुक आहे त्या वह्यांत!"

"पहिलीत आहे. दुसरीत काय आहे ते तुला माहीत नाही, मला नाही, निशिकांतला नाही. निशिकांत म्हणतो, आजोबा एकतीसच्या उन्हाळ्यात परतले. मग काकांनी नोव्हेंबर का विचारला? नेमका नोव्हेंबर? आपले वडील तेव्हा तिथंच होते हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्या महिन्यात काय झालं तेही. घरात ढाल येऊ न देणारा माणूस निःस्पृह असतो असंच काही नाही. एखाद्याला ती बघवतही नसेल."

ऋचाला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला रडू आलं. इतका सोज्वळ म्हातारा, आपल्या घरी जेवून, आपल्याच गळ्याला फास लावून गेला! आणि आता त्याला काय म्हणायचं? पुरावा काय, तर मुंग्या लागलेला डबा.

"मी उद्या जाऊन विचारते," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पण आधी मला कळलं पाहिजे की विचारायचं काय. तिसरी वही आण."

"आई, हरवलीय दुसरी."

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, दुसरीतली शेवटची सभा कायम कुठं होणार? पुढच्या सभेत. म्हणजे तिसरीच्या पहिल्या पानावर. काल जेवताना मी हेच तर सांगत होते, तर तुम्ही सगळे जांभया देत होतात."

काल नव्हे, परवा; पण ऋचानं दुरुस्ती केली नाही. तिनं हात धुतले, पुसले, तिसरी वही सोडून पहिलं पान उघडलं. शाई तपकिरी झाली होती, अक्षर मात्र टपोरं. ती मोठ्यानं वाचायला लागली, चौथ्या ओळीला थांबली, आणि तिनं वही आईपुढे सरकवली.

सुनेत्राबाईंनी चष्मा लावून ते पान स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे त्या माणसाला माहीतच नाही."

५

मंगळवारी पुंगोलला एलआरटीच्या छोट्या गाडीतून उतरल्या तेव्हा सुनेत्राबाईंच्या हातात ऋताचा डबा होता, पुन्हा घासून, ताज्या वड्या भरून. ऋता आणि निशिकांत कामावर गेले होते. मनोहरकाकांनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, आणि दारातच उभे राहिले.

"काका, हा डबा मी माझ्या हातानं पिशवीत घातला होता."

काकांनी मान डोलावली. आत गेले, कपाटाचा वरचा कप्पा उघडला, आणि पिशवी आणून टेबलावर ठेवली. आत वही, त्यांच्या स्वच्छ धोतरात गुंडाळलेली.

"फाडून टाकणार होतो," ते म्हणाले. "तीन दिवस रोज काढतो नि ठेवतो. होत नाही. पोथीसारखी दिसते हो."

"काय झालं होतं तिथं?"

ब्रिनहेलीत पद्धत होती, जिंकलेला चषक एकेक रात्र एकेका खेळाडूच्या घरी मुक्कामाला जायचा. त्या नोव्हेंबरात खाणवाल्यांचा चषक क्लबनं जिंकला तो भास्कर खांबेट्यांच्या गोलावर. तिसऱ्या रात्री चषक त्यांच्या खोलीवर आला. सकाळी ते कॉलेजला गेले, परतले तर खिडकीतला चषक गायब. गावात परका माणूस एकच. सभा बसली, आणि वहीत ठराव झाला. खांबेटे यांच्या ताब्यातून चषक गेला, खुलासा समाधानकारक नाही, सबब नाव कमी करावे. आठवड्याच्या आत भास्कररावांनी लिव्हरपूलहून बोट धरली. डिग्रीची परीक्षा सहा महिन्यांवर होती, ती दिलीच नाही.

"अडुसष्ट साली गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले, मनोहर, मी चोर नाही. पण तिथल्या वहीत मी चोर आहे." काकांनी वहीवरचं धोतर सारखं केलं. "आईला ठाऊक नव्हतं, निशिकांतला ठाऊक नाही. सोमवारी तुमची मुलगी ती वही उघडणार होती, शनिवारी तो स्लाइडी दाखवणार. मी शेवटचं पान पाहिलं, सुनेत्राबाई. आहे तिथं. शब्दन् शब्द आहे."

"आणि माझी मुलगी?" सुनेत्राबाईंचा आवाज चढला. त्या ठरवून आल्या होत्या की चिडायचं नाही, पण चिडल्या. "खिडकीतला चषक गेला, जबाबदारी तुमच्या वडिलांची, परका माणूस, म्हणून चोर! आणि आता खोक्यातली वही गेली, सही ऋचाची, परकी पोर, म्हणून चोर! तुम्ही वडिलांवरचा डाग पुसायला निघालात आणि तोच उचलून माझ्या पोरीच्या कपाळावर लावलात. काका, तुम्हाला तर माहीत होतं की त्यानं माणसाचं काय होतं!"

म्हातारा खुर्चीत बसला. इतका वेळ त्यानं हे पाहिलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं. हात मांडीवरच्या पंच्याची घडी घालत होते, मोडत होते, परत घालत होते.

सुनेत्राबाईंचा राग ओसरला. त्यांनी पर्समधून तिसऱ्या वहीतून उतरवून आणलेला कागद काढला. "तुम्ही शेवटचं पान वाचलंत. पण सभेचं लिहिलेलं पुढच्या सभेत वाचलं जातं. तोवर ते कच्चं असतं. शनिवारी मी हेच सांगत होते, तेव्हा तुम्ही आत होतात." तो काकांच्या हातात न देता त्यांनी स्वतःच वाचला, मराठी करत करत.

"अकरा डिसेंबर एकोणीसशे एकतीस. मागील सभेचे इतिवृत्त वाचले. पुढील दुरुस्तीसह कायम. चषक चिटणीस श्री. पॅरी यांनीच, खेळाडूंना नकळत नावे कोरून घ्यावीत म्हणून, श्री. खांबेटे यांच्या खिडकीतून नेऊन कारनार्वनच्या चांदीकाराकडे दिला होता. परतताना पावसात भिजून ते फुप्फुसाच्या तापाने पंधरा दिवस बेशुद्धावस्थेत होते, त्यामुळे कोणास कळले नाही. श्री. खांबेटे यांचे नाव कमी करण्याचा ठराव रद्द. त्यांच्यावर घोर अन्याय झाला असून कमिटी त्यांची एकमुखाने क्षमा मागते. चिटणिसांनी त्वरित पत्र लिहावे."

"आणि पत्र?" काकांनी विचारलं.

"जानेवारीच्या सभेत आहे. लिव्हरपूलच्या पत्त्यावर पाठवलं, ते परत आलं. बोट गेली होती."

"सदतीस वर्षं," मनोहरकाका म्हणाले. "सदतीस वर्षं जगले हो ते त्यानंतर. एक पान पुढं होतं." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. सुनेत्राबाई उठल्या, पाणी आणलं, आणि बाटली त्यांच्या हातात धरवून शेजारी बसून राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "वही मी आज नेऊन गुपचूप खोक्यात ठेवू शकते. पण ती कुठं होती हे कुणी सांगितलं नाही, तर ऋचावरचा संशय तसाच राहील. तुमच्या वडिलांचा राहिला तसा. मी तुम्हाला काही सांगत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

काकांनी वही दिली, आणि काठी टेकत लिफ्टपर्यंत पोचवायला आले.

६

बुधवारी सहा वाजता एलेरी पॅरी आली. उंच, ताठ, कोरडी. तिन्ही गाठोडी टेबलावर पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि मग प्रश्न.

"मिळाली," ऋचा म्हणाली.

"कुठं?"

ऋचानं आईकडे पाहिलं. सांगायचं म्हटलं तर एका म्हाताऱ्याला उघडं पाडायचं, आणि नाही सांगायचं तर आपण स्वतः चोर ठरायचं. एलेरी वाट बघत होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात निशिकांत होते, डोळे लाल झालेले, आणि त्यांच्या आधाराला न टेकता उभे मनोहरकाका, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी चपला भिंतीशी सरळ लावल्या, एलेरीसमोर आले, आणि जुन्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून सांगितलं. वही मी चोरली. या मुलीला काही माहीत नव्हतं. तुमच्या वहीत माझ्या वडिलांचं नाव चोर म्हणून आहे असं मला वाटत होतं, आणि ते कुणी वाचू नये म्हणून मी चोर झालो. तिच्या साहेबांना काही लिहायचं असेल तर माझं नाव लिहा.

एलेरीला काहीच उमगेना. तेव्हा ऋचानं दोन्ही पानं तिच्यापुढे उघडून ठेवली. वाचता वाचता तिचा ताठपणा गेला.

"पॅरी," ती हळूच म्हणाली. "हे माझे पणजोबा. आमच्या घरी हे कधी कुणी बोललं नाही." तिनं फोन काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं, आणि काकांपुढे धरला. सोहळ्यासाठी घासूनपुसून ठेवलेल्या चषकाचा फोटो होता. अकरा नावं कोरलेली. सातवं बी. खांबेटे.

काकांनी बोट पुढं केलं आणि फोनला लागण्याआधीच मागं घेतलं. निशिकांतनी मान वळवून डोळे पुसले; या खेपेला रुमाल चुरगाळायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मी विभागाला लिहीन," एलेरी ऋचाला म्हणाली. "वही तुझ्यामुळे सापडली, आणि हे पानही, एवढंच."

"एवढंच नको," मनोहरकाका म्हणाले. मग ऋचाकडे वळून मराठीत: "तू क्लबचा इतिहास लिहिते आहेस ना? त्यात घाल. दोन हजार सोळा साली दुसरी वही मनोहर भास्कर खांबेटे यांनी चोरली. लपवू नकोस. लपवल्यानं काय होतं ते बघितलं आपण."

"काका, असं कसं लिहू मी?"

"लिही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "ते म्हणतात तर जसंच्या तसं लिही. आणि खाली लिही, वही परत आणून दिली. तेही स्वतः येऊन. पुढच्या सभेत वाचून कायम करू."

काका पहिल्यांदाच थोडंसं हसले. निघायच्या वेळी सुनेत्राबाईंनी लाडवांचा डबा पुढं केला, तर निशिकांत तो घ्यायला आले. काकांनी त्यांना थांबवलं, हातातली तीच पिशवी उघडली, आणि डबा स्वतः आत ठेवला.